वरचा पीळ

“पण तो निघणार की नाही, तेवढं सांगा.”

घारपुरे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. फिटरबुवा समोर मांडी घालून बसले होते. त्यांच्या तळहातावर मुठीएवढं एक इंजिन होतं आणि ते त्याच्याकडे बघत होते.

फिटरबुवा म्हणजे माण तालुक्यातल्या एका उघड्याबोडक्या टेकडीवरच्या मठातले गोसावी. भगवी वस्त्रं घेण्यापूर्वी वीस वर्षं ते हवाई दलाच्या वर्कशॉपात फिटर होते. संन्यास घेतला तसं नाव बदललं, हात तेच राहिले. लोक दर्शनाला येताना नारळ आणायचे आणि त्याच पिशवीत बिघडलेला मिक्सरही आणायचे. बुवा नारळ देवापुढे ठेवायचे आणि मिक्सर स्वतःपुढे.

घारपुरे सर काही दर्शनाला आले नव्हते. साताऱ्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते यंत्र विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या प्रयोगशाळेतला एक जुना नोकर याच टेकडीखालच्या गावचा. त्यानं बुवांचं नाव सुचवलं तेव्हा सर मोठ्यानं हसले होते. दोन दिवसांनी मात्र कुणाला न सांगता गाडी काढून निघाले.

इंजिन होतं छोट्या विमानाचं. छोटं म्हणजे पंख पसरून जेमतेम पाच फूट, पण खरोखर उडणारं, जमिनीवरून रिमोटनं चालवायचं. इंजिनाच्या मागच्या झाकणाला चार स्क्रू होते. तीन निघाले होते. चौथ्याच्या डोक्यावरची फुली पार झिजून गेली होती. तिथे एक गुळगुळीत वाटी उरली होती, आणि त्या वाटीत स्क्रू ड्रायव्हर नुसता गरगर फिरत होता.

“किती जणांनी हात लावला?” बुवांनी विचारलं.

“मी एकट्यानंच. माझं काम मी दुसऱ्याच्या हातात देत नाही.”

“मग इथे...?”

सर जरा वरमले. हवापाण्याचं काही बोलावं म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पण टेकडीवर बोलण्यासारखं काही नव्हतं.

“काय काय करून बघितलंत?”

“मध्ये रबर धरून फिरवलं. मोठा स्क्रू ड्रायव्हर लावला. वरून हातोडीनं ठोकलं. पकडीनं धरायला गेलो तर डोकं खोल बसलेलं, पकडीत येत नाही. सगळं केलं.”

“किती दिवसांत?”

“एका संध्याकाळी.”

बुवांनी मान डोलावली. शिकलेला माणूस घाईला आला की त्याच्या हातात हातोडी येते, हे त्यांनी वर्कशॉपात वीस वर्षं पाहिलं असणार.

“आवळला कुणी होता?”

“मुलीनं. पंधरा वर्षांची होती तेव्हा. शिकाऊ हात. काहीतरी वेडंवाकडं बसवलं असेल.”

बुवांनी पंखा लावायचा दांडा बोटांत धरून फिरवला. तो हलला नाही.

“एरंडेल?”

“हो,” सर म्हणाले. बुवांना हे ठाऊक आहे याचं त्यांना आश्चर्य वाटलं. “इंधनात एरंडेल असतं. पडून राहिलं की आत गोंदासारखं होतं. झाकण काढून धुतलं की इंजिन फिरेल. या एका स्क्रूपाशी सगळं अडलंय.”

“ठेवून जा. पुढच्या बुधवारी या.”

“पुढचा बुधवार नाही चालणार. परवा, शुक्रवारी, हे गेलंच पाहिजे.”

“कुठे?”

बुवांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मग सरांनी आपणहून सांगितलं, पण सांगताना ते बुवांकडे बघत नव्हते, टेकडीखाली लावलेल्या आपल्या गाडीकडे बघत होते.

मुलीचं नाव शाल्मली. विमान तिचं. बापलेकीनं मिळून बनवलेलं. पुढे ती बापाच्याच कॉलेजात शिकायला गेली आणि तिसऱ्या वर्षी शिक्षण सोडून नंदुरबारकडच्या डोंगरातल्या एका शाळेत शिकवायला निघाली. सरांनी दारात उभं राहून सांगितलं, गेलीस तर परत या घरात पाऊल टाकायचं नाही. ती गेली. रक्त बापाचंच, तिनं पाऊल टाकलं नाही. तीन वर्षं झाली. आईशी फोनवर बोलायची. बापाशी नाही.

गेल्या रविवारी बापाच्या फोनवर तिचा निरोप आला. तीन वर्षांतला पहिला.

“काय होता?”

सरांनी फोन काढला नाही. निरोप त्यांना पाठ होता.

“‘बाबा, माझं विमान पाठवाल का. शाळेतल्या मुलांना उडवून दाखवायचंय.’ एवढंच.”

“मग पाठवा की.”

“बंद पडलेलं पाठवू? तिला वाटेल, बापानं तीन वर्षं ते माळ्यावर टाकून दिलं होतं.”

“टाकून दिलं होतं?”

“...हो.”

बुवांनी इंजिनावरची धूळ अंगठ्यानं पुसली.

“तिच्या शाळेतल्या एक बाई शुक्रवारी साताऱ्याहून परत जाणार आहेत. त्यांच्या हाती द्यायचंय. असं इंजिन आता बाजारात मिळत नाही, बुवा. हे फुटलं तर माझ्याकडे तिला द्यायला काही नाही. आणि आता नाही दिलं तर पुन्हा ती कशाला काही मागेल...”

हे बोलून झाल्यावर सरांनाच बरं वाटलं नाही. परक्या माणसापुढे इतकं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा विभागप्रमुख झाले.

“माझं स्पष्ट मत आहे, ड्रिल मारून डोकं उडवावं. दोन मिनिटांचं काम. इथे बारीक ड्रिल आहे का?”

बुवा उठले. आतून एक हातड्रिल घेऊन आले, त्याला बारीक सुई लावली आणि सरांपुढे ठेवलं.

“मारा.”

सरांनी ड्रिल उचललं. सुईचं टोक त्या वाटीत टेकवलं. वाटी गुळगुळीत, सुई घसरली. पुन्हा टेकवली. पुन्हा घसरली आणि कडेच्या ॲल्युमिनियमवर एक पांढरा ओरखडा उठला.

सरांनी ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग ड्रिल खाली ठेवलं.

बुवांनी पत्र्याचा एक जुना डबा घेतला. त्यात इंजिन ठेवलं, स्क्रूवर तेलाचे चार थेंब सोडले, झाकण लावलं. मग उठून धुनीपाशी गेले. चिमट्यानं गरम राख बाजूला सारली, डबा खड्ड्यात ठेवला आणि वरून राख लोटली.

“आता?” सरांनी विचारलं.

“आता बसा.”

“किती वेळ?”

“डबा तापेपर्यंत.”

“म्हणजे किती मिनिटं?”

बुवा हसले. धुनीला मिनिटं कळत नाहीत, असं काहीतरी ते म्हणाले असते तर सरांना राग आला असता. पण ते काहीच म्हणाले नाहीत, त्यामुळे राग कशाचा धरावा हे सरांना कळेना.

तेवढ्यात खालच्या वाडीतल्या हौसाबाई टेकडी चढून आल्या. हातात कुकर.

“बुवा, कुकरचा दांडा लई ढिला झालाय. भात उतरवताना हातातच येतोय. जरा आवळून द्या की.”

बुवांनी कफनीच्या आतल्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. काळा दांडा जागेवर बसवला, स्क्रू फिरवला, एका जागी हात थांबवला. दांडा हलवून बघितला. हलत नव्हता. कुकर खाली ठेवला.

“झालं, हौसाबाई.”

सर बघत होते. रिकामे बसलेले हात शिवशिवायला लागतात, आणि घारपुरे सरांचे हात तर कधी रिकामे बसलेच नव्हते. त्यांनी कुकर पुढे ओढला. स्क्रू ड्रायव्हर उचलला.

“अजून अर्धा पीळ सहज बसतोय,” ते म्हणाले.

बुवांनी त्यांना अडवलं नाही.

सरांनी वरून पीळ दिला.

कट्.

काळा दांडा स्क्रूपासून टोकापर्यंत उभा चिरला.

हौसाबाई खाली वाकल्या, चिरेवरून बोट फिरवलं, मग सरांच्या तोंडाकडे बघितलं.

“मी नवा दांडा आणून देतो, बाई,” सर म्हणाले. “नवा कुकरच आणून देतो.”

“दांडा आना. कुकरला काय धाड भरलीया.” त्या जरा थांबल्या. “पर बुवांनी आवळल्याला चांगला हुता की ओ, सायेब. तुमाला कुनी सांगितलं हुतं?”

बुवांनी दांड्यावर बारीक तार गुंडाळली, टोकं आत दाबली आणि कुकर हौसाबाईंच्या हातात दिला. “आज-उद्या चालेल,” म्हणाले. त्या कुकर पदराखाली घेऊन टेकडी उतरायला लागल्या.

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, असं आपल्याकडे म्हणतात. घारपुरे सरांच्या घरात सुंभ तीन वर्षं जळत होतं, आणि त्याचा धूर त्यांच्याशिवाय सगळ्यांना दिसत होता. मला हा माणूस आवडत नाही, असं मी म्हणणार होतो. पण पुढे जे झालं ते बघता मला तसं म्हणता येत नाही.

सर आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. अंगठा आणि पहिलं बोट अजून स्क्रू ड्रायव्हर धरल्यासारखी वाकलेली होती.

“बुवा...”

बुवा धुनीची राख सारखी करत होते.

“तो स्क्रू तिनं नाही आवळला.”

“बरं.”

“बसवला तिनं. आवळला मी.”

धुनीत एक लाकूड खचलं. बुवांनी ते चिमट्यानं आत ढकललं.

“आमच्या गॅलरीत टेबल होतं,” सर म्हणाले. “कॉलेजातून आलो की आम्ही दोघं बसायचो. ती स्क्रू लावायची, आवळायची आणि म्हणायची, ‘झालं, बाबा.’ मी म्हणायचो, ‘बघू.’ आणि वरून एक पीळ द्यायचो. प्रत्येक स्क्रूला. एकही सोडला नाही.”

“ती काय म्हणायची?”

“आधी हसायची. नंतर चिडायची. नंतर... नंतर नुसते स्क्रू भोकांत बसवायची आणि बाजूला व्हायची. मी एकदा विचारलं, आवळले का नाहीस? तर म्हणाली, ‘तुम्ही आवळणारच आहात ना.’”

“मग तुम्ही काय केलंत?”

“आवळले,” ते म्हणाले.

वारा आला. मठाच्या पत्र्याचा एक कोपरा वाजला आणि थांबला.

“पण सैल राहिलेला स्क्रू हवेत सुटतो, बुवा. विमान पडतं. तुम्हाला तर माहीत आहे.”

“पडतं,” बुवा म्हणाले. “मी पडलेलं पाहिलंय.”

“मग माझं चुकलं काय?”

बुवांनी राख उकरली, फडक्यात धरून डबा बाहेर काढला आणि उघडला. इंजिन चांगलंच तापलं होतं. तेल स्क्रूच्या कडेनं आत उतरलं होतं. त्यांनी इंजिन फडक्यासकट लाकडी ठोकळ्यावर ठेवलं आणि वाटीत उरलेलं तेल चिंधीनं टिपून घेतलं. मग एका डबीतून काळपट, खरखरीत लेप काडीवर घेतला. मोटारीचे व्हॉल्व्ह घासायला वापरतात तो. तो त्या गुळगुळीत वाटीत भरला. मग स्क्रू ड्रायव्हरांच्या पुडक्यातून एकेक उचलून टोक बघत गेले. पाचवा ठेवून घेतला. दांडा पुढे करून सरांना दिला.

“तुम्हीच काढा, बुवा. माझा हात नको.”

“माझा नको.”

“का?”

“पीळ तुमचा आहे.”

सर ठोकळ्यापाशी गुडघ्यावर बसले. टोक वाटीत उभं धरलं.

“दाबा,” बुवा म्हणाले. “फिरवू नका. नुसतं दाबा. अंगाचा भार येऊ द्या.”

सरांनी भार टाकला. लेपाचे कण टोकाखाली करकरले.

“आता आवळा.”

सरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“आवळू? मला काढायचाय, बुवा.”

“म्हणून तर.”

“तो आधीच जास्त आवळलेला आहे. म्हणून तर हे सगळं...”

“ज्या वाटेनं गेलात, तिकडे एकदा जाऊन या.”

सरांनी वर बघितलं. बुवांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. सव्वीस वर्षं मुलांना शिकवलेलं डोक्यात बोलत होतं, आणि ते सगळं या माणसाच्या विरुद्ध होतं. पण हातात दुसरं काही उरलं नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले. सगळा भार खाली ठेवून मनगट उजवीकडे वळवलं. किंचित. केसभर.

टक्.

“तुटला?” सरांनी विचारलं.

“बघा.”

त्यांनी मनगट डावीकडे वळवलं. टोक घसरलं नाही. खाली चिकटलेले आटे सुटले होते. पुन्हा वळवलं. स्क्रू फिरत होता. पाव फेरा, अर्धा फेरा. मग तो इतका सहज फिरायला लागला की सरांनी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि उरलेला बोटाच्या चिमटीनं काढला.

तांदळाच्या दाण्याएवढा होता. तळहातावर घेतला तर अजून ऊन होता.

घारपुरे सर रडले. पन्नाशी उलटलेला, दोनशे मुलांना एका नजरेत गप्प करणारा माणूस, एका मोडक्या स्क्रूपुढे गुडघ्यावर बसून रडला. आधी आवाज दाबला, मग दाबला नाही. बुवांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही आणि काही समजावलंही नाही. ते बशीत रॉकेल ओतत होते. त्यांना काम दिसत होतं आणि काम करायचं होतं.

दोघांनी मिळून झाकण उघडलं. आत एरंडेल मधासारखं पिवळं होऊन चिकटलं होतं. ब्रशनं धुतलं. दुसऱ्या रॉकेलात धुतलं. सरांनी पंख्याचा दांडा बोटात धरून फिरवला आणि तो फिरला, आत दट्ट्या वरखाली झाल्याचा बारीक फसफस आवाज आला. तो आवाज त्यांनी तीन वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला. बुवांनी त्यांना ऐकू दिला.

मग बुवांनी एका जुन्या डबीतून चार नवे स्क्रू निवडून दिले. सर झाकण लावायला बसले. पहिला स्क्रू बोटांनी बसवला. दुसरा बसवला. तिसरा, चौथा. चारही बोटांनीच, जिथपर्यंत बोटांनी जातात तिथपर्यंत.

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. पहिल्या स्क्रूच्या फुलीत टोक बसवलं. फिरवला. स्क्रू झाकणाला टेकला, आणि तिथे त्यांचा हात थांबला.

कुठला स्क्रू किती आवळायचा याचे तक्ते त्यांना तोंडपाठ होते. तेच तक्ते दरवर्षी ते फळ्यावर लिहीत. तरी त्यांनी मान वर केली आणि नव्या विद्यार्थ्यासारखं विचारलं,

“बुवा... किती आवळू?”

बुवा ब्रश पुसत होते. त्यांनी तो पुसून डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं.

“तिच्या हातानं सुटेल, इतका.”